महालक्ष्मीच्या पोटातली मिनी

३ ऑगस्ट, रविवार
माय घसरली. परीची लाल मोटर दारात पडेल होती, मायचा पाय पडला अन् माय सरकत थेट पडवीत. कंबर वाचली. आमी नाही वाचलो. "उद्यापासून एक जरी खेळणं खाली दिसलं तं चुलीत घालीन," म्हने.
परी रडली. दादाची पोट्टी, साडेचार वर्साची. दादा काळीपिवळी टॅक्सी घेऊन रिसोडले गेल्ता, नाहीतं त्यालेबी शिव्या बसल्या असत्या. वैनी काही बोलली नाही. तशी ती बोलतच नाही. मागच्या हिवाळ्यात सहाव्या महिन्यात पोटातलं बाळ गेलं, तवापासून पोळ्या लाटते अन् भिंतीकडं पाह्यते.
शेवटी सगळं माह्यावर. "तूच लाडावलं तिले. घोडा झाला, बारावी निघत नाही, अन् खेळते बाहुल्याइत. आता जागाबी तूच पाह्य."

५ ऑगस्ट
दोन खोल्या अन् पडवी. पाह्यली.
कोनाडा — मायचं मलम, दादाचं दाढीचं सामान. नापास.
पलंगाखाली — खताचे पोते.
टोपलीत घालून छताच्या आड्याले टांगले. परीचा हात पुरत नाही, घडीघडी "काका, काढ". दुपारून पाह्यलं तं टोपलीत मांजर झोपेल.
मंग फ्रीज. भाजीचा खालचा कप्पा. वैनी वांगे काढाले गेली, हातात आली रबरी पाल. असी किंचाळली का शेजारची शेवंताकाकू कुंपणावरून डोकावली. दादा म्हने मुस्कट फोडतो तुहं.
पन वैनी किंचाळल्यावर हसली. एवढूसंच. मी पाह्यलं. दादाले नाही दिसलं.

६ ऑगस्ट
तीच पाल शेवंताकाकूच्या सुपात टाकली. वैनी नाही हसली. काकूनं मात्र माह्या सात पिढ्या काढल्या.

१० ऑगस्ट, रविवार
सापडली जागा! माहं डोकं लय चालते बाप्पा, फक्त पेपरात चालत नाही.
माळ्यावर महालक्ष्म्याइच्या दोन कोठ्या. पत्र्याच्या, पोकळ, परीएवढ्या उंच. सणाचे तीन दिवस त्याइच्यावर मुखवटे बसतात, साड्या नेसवतात. बाकी वर्सभर आत उंदीर. ज्येष्ठेत बाहुल्या, कनिष्ठेत गाड्या. सकाळी शिडीवर चढून काढून देतो, दिवेलागणीले परत. परीले शपथ घातली, कोनाले सांगाचं नाही.
माय खूश. "कुठं ठेवले बे?"
"बँकेत."
मिनी सगळ्यात खाली, फडक्यात गुंडाळून. मिनी म्हनजे परीच्या मामानं आनेल बाहुली. पोट दाबलं का रडते, हुबेहूब तान्हं लेकरू. ती रडली का वैनी उठून मोरीत जाते अन् नळ सोडते. म्हनून खाली. परीले सांगतलं, मिनी झोपली.

२३ ऑगस्ट
पोळा झाला. आता मायचं महालक्ष्म्या महालक्ष्म्या सुरू. कोठ्या रिकाम्या करा लागते. उद्या करतो.

२८ ऑगस्ट
उद्या करतो. दादाले सांगून ठेवलं, कोठ्या मी काढीन, तू हात नको लावू.

३१ ऑगस्ट, रविवार
मेलो.
मायनं सकाळीच रिसोडले पाठवलं. केळीचे खांब, फुलं, सोळा भाज्या. येताना एष्टी बंद पडली. घरी आलो तं दोघी उभ्या. साड्या नेसेल, मुखवटे बसेल, दारापासून कुंकवाचे पावलं. दादानं कोठ्या काढल्या, माह्यी वाट नाही पाह्यली.
म्हनलं, आत कोनी पाह्यलं का? कोनी नाही. आमच्या घरची रीतच तसी. महालक्ष्मीचं रिकामं पोट डोळ्यानं पाह्याचं नाही. माय तोंड फिरवून वरून गहू ओतते, काठावर हाताले लागला का थांबते. तसाच ओतला. खेळण्यावर.
दादा म्हने, "यंदा लय जड लागल्या बे."
माय म्हने, "भरून आल्या माह्या माय."
परी माह्या कानात, "काका, मिनीले गव्हात श्वास येईन का?"
आता तीन दिवस कोनी हात लावू शकत नाही. मीबी नाही.

१ सप्टेंबर, सोमवार
कसं लिहू.
दुपारची आरती. घर भरेल, पडवीत बाया, अंगणात मानसं. पुरणाचं ताट वाढेल. माय ज्येष्ठेचा हार सरळ कराले गेली, मुखवट्याले जरा धक्का लागला. आत गहू खाली बसला असन. सर्र वाजलं.
अन् मिनी रडली.
पत्र्यात, गव्हाखालून, दबेल आवाज. पयले सगळ्याइले वाटलं बाहेर कोनाचं लेकरू हाय. दादाची झांज थांबली. मंग परत. शेवंताकाकू पोटाजवळ कान नेऊन मागं सरकली. "बाई बाई बाई! पोटातून येऊन राह्यलं हो!" अन् तिथीच आडवी पडली नमस्काराले.
माय वळली. वैनीचा हात धरला, पुढं ओढलं, देवीपुढचं नारळ अन् खण तिच्या पदरात टाकले. "तुही ओटी भरली तिनं. ऐकलं ना? बाळ रडलं घरात." माय ओक्साबोक्शी रडली. मागच्या हिवाळ्यापासून माय या गोष्टीचा एक शब्द बोलली नव्हती.
दादाले गोठ्यामागं ओढलं. म्हनलं, दादा, ते बाहुली हाय, मीच ठेवेल हाय. कानफटात बसली. "आजच्या दिवशी तरी मस्करी नको करू. तिच्या तोंडाकडं पाह्यलं का तू?"
मायले सांगतलं. मायनं माह्यं ऐकून देवीलेच हात जोडले, "माफ कर वो माय, पोट्टं येडं हाय."
शेवंताकाकू म्हने, "सुपात पाल टाकनाऱ्याचं कोन ऐकते?"
आजवर शंभर खोट्या उठवल्या, सगळ्या खपल्या. एक खरी सांगून राह्यलो तं गिऱ्हाईक नाही.
सायंकाळपर्यंत पार किन्हीराजा गावचे लोक आले पाहाले. आनखी दोनदा रडली. आवाज बारीक होत चालला, सेल उतरत आले असन. लोक म्हनत, बाळ झोपून राह्यलं.
वैनी जागची हलली नाही. मी पानी नेऊन देलं तं म्हने, "भाऊजी, तुमीबी ऐकलं ना?"
किती महिन्यानं तिनं स्वतःहून काही इचारलं.
म्हनलं, हो.

२ सप्टेंबर, मंगळवार
दिवसभर एकच हिशेब. पोट रिकामं करताना सगळे भिंतीकडं तोंड करतात. कोठी उलटी करनारा एकटा डोळे खाली घालून ओतते. म्हनलं मी ओततो. मायले लय बरं वाटलं, पोरगं सुधरलं म्हने.
दहीभाताचा निवद झाला. मुखवटे उतरले. चादर आथरली. माय, दादा, वैनी भिंतीकडं. परीलेबी मायनं वळवली. पयले कनिष्ठा. गाड्या गव्हासंग आल्या, पायानंच पोत्यामागं सारल्या. मंग ज्येष्ठा. गहू, बाहुल्या, भांडेकुंडे, तेबी सारले, शेवटी फडकं. मिनी उचलली, सदऱ्याखाली घातली. झालं वाटलं. सुटलो.
पोट दाबल्या गेलं.
ऊं... इतकंच. मरतुकडं.
मायनं भिंतीकडंच हात जोडले. "जाता जाता आशीर्वाद देऊन गेली वो."
वैनी वळली.
माह्या सदऱ्यातून मिनीचा एक पाय बाहेर. वैनीनं पायाकडं पाह्यलं, मंग माह्या तोंडाकडं. मले वाटलं आता वरडते. वरडली असती तं बरं झालं असतं. दोन पावलं आली, मिनी काढून घेतली, पदराखाली धरली. लेकरू धरतात तसी.
माय इचारते, "झाली का रिकामी?"
वैनी म्हने, "झाली."

३ सप्टेंबर
वैनी माह्यासंग बोलत नाही. जेवाले वाढते. भाजी दोनदा वाढली, म्हनजे राग नसन. का असन. समजत नाही.
परी: "मिनी कुठं हाय?"
वैनी: "झोपली."
खेळणे खताच्या पोत्यात भरून गोठ्यात ठेवले. उंदरानं एका बाहुलीचा कान खाल्ला.

५ सप्टेंबर
मायनं जाहीर करून टाकलं. सोमवारी वैनीले वाशीमले डॉक्टरीनबाईकडं नेते, तपासून घ्याले, देवीनं सांगतलंच हाय तं उशीर कायले. शेवंताकाकूनं आतापासून बाळाची गोधडी शिवाले घेतली. दादा गाडीत गाने लावते. घरातले सगळे खूश.
वैनीचं माहीत नाही. ती मायले नाही म्हनत नाही. हो बी म्हनत नाही. काल भाकरी थापता थापता गुणगुणत होती. मले पाह्यलं अन् बंद.
खरं तिले माहीत हाय ना? मंग गुणगुणते काहून?

७ सप्टेंबर, रविवार
वैनी न्हायाले गेली तवा परीनं तिची लोखंडी पेटी उघडली. मी आडवलं, पन दिसलं. माहेरचं लुगडं, त्याच्यावर ते नारळ अन् खण, बाजूले मिनी. नवं फडकं गुंडाळेल. पेटी लावून घेतली.

८ सप्टेंबर, सोमवार
सकाळी दादाची गाडी दारात. माय पुढं बसली. वैनी चपला घालत होती, मी तिथीच. म्हनलं, वैनी, मी सांगतो मायले. आता मानन, मिनी दाखवली तं मानन.
"नका सांगू. मी सांगीन."
"कवा?"
दादानं हॉर्न मारला. तिनं माह्या हातात काहीतरी ठेवलं अन् जाऊन बसली. मिनीचे दोन सेल.
गाडी गेली. धूळ बसेपर्यंत उभा होतो.
परी गोठ्यातून पोतं ओढत आली. लाल मोटर, भांडेकुंडे, कान खाल्लेली बाहुली, सगळं पडवीत. म्हने, उंदीर खातात, परत महालक्ष्मीत ठेवू?
म्हनलं, नको.
"मंग कुठं ठेवू?"
खिशात सेल होते. म्हनलं, थांब जरा, पाह्यतो.
अजून पाह्यतच हाय. गाडी यायची हाय.