वस्तादाची सलामी

२ मार्च १९४४
गुडघा गेला तो गेलाच! वैदूनं चोळून झाला, मांत्रिकानं फुंकून झाला. बायकोनं, गंगम्मानं, हळदीचे एवढे लेप दिले की आता नुसतं तळायचं बाकी आहे. माझी कुस्ती बंद. आजपासून मी बेंबळीच्या तालमीचा वस्ताद. चेला एकच — बलभीम. अंगानं दणकट, बाकी सगळा निवांत.

९ मार्च
बलभीम जोर मारता मारता खालीच झोपला. मला वाटलं, दम धरलाय!

१८ मार्च
आण्णासाहेब पाटील आले. तालमीची जागा त्यांची. भिंती न्याहाळत म्हणाले, जत्रेत तुमच्या पोरानं कुस्ती मारली तर ठीक, नाहीतर इथं कडबा भरतो. कडबा खाऊन म्हैस दूध तरी देते!
ह्या लाल मातीत माझी जवानी गेली. तिथं कडबा?

३ एप्रिल
पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांनी जत्रेतल्या कुस्त्यांना परवानगी दिली, अंधाराच्या आत उरका म्हणून बजावून. बलभीमला दोन डाव शिकवले. एक विसरला. दुसरा आठवतो, पण स्वतःच्याच पायात पाय अडकतात.

७ एप्रिल
लिहायलाही लाज वाटते.
जत्रेत बलभीमचा हात धरून त्याला आखाड्यात फिरवत होतो, जोड मिळावी म्हणून. ढोकीचा बिरदेव पैलवान पुढं आला, सलामीला हात केला. वस्तादानं चेल्याचा हात त्याच्या हातात द्यायचा असतो. मी माझाच दिला! इतक्या वर्षांची खोड — समोर पंजा आला की आपला जातोच. आणि सलामी झाली की जोड ठरली, माघार नाही. हलगी कडकडली. बलभीमनं आनंदानं माझा फेटा सांभाळायला घेतला.
तरी टिकलो! बिरदेव ढाकेचा डाव मारायला आला तेव्हा त्याचा उजवा हात ढिला होता. निसटून त्यालाच खाली घ्यायचं, एवढंच काम. तालीम वाचत होती. आणि माझ्या तोंडून गेलं, "उजवा हात आवळ की रं, निसटतोय!"
त्यानं आवळला. मी पाठीवर.
पंच पोट धरून हसत होते. घरी गंगम्मा एवढंच म्हणाली — "साकु." ती कानडीत पुरे म्हणाली की खरंच पुरे असतं.

८ एप्रिल
आण्णासाहेबांचा निरोप. उद्या कडब्याच्या गाड्या येणार. तालमीतला हनुमान घरी आणायला गेलो आणि रडू फुटलं. बलभीमही रडला. बसून.

९ एप्रिल
गाड्या आल्या. दारात बिरदेव उभा, हातात नारळ, मागं ढोकीची पोरं वळकट्या घेऊन. ढोकीचा पैलवान बेंबळीत शिकायला आलाय म्हटल्यावर आण्णासाहेबांनी मिशीला पीळ दिला आणि गाड्या माघारी धाडल्या. बिरदेवनं नारळ माझ्या पायाशी ठेवला.
"वस्ताद, उजव्या हाताचं सांगितलंत. डाव्याचं राहिलं बघा."