चढलेला पंचम

१२ एप्रिल, रविवार. वैशाखरे.
माझ्या विजेच्या बाजाचे सा, रे, ग, म जुळले. प्रत्येक सुराला वेगळी आयसी, वेगळा कपॅसिटर, सूर वर-खाली करायला वेगळा प्रीसेट. पेचकसाने प्रीसेट केसभर फिरवायचा, बुवांच्या पेटीशी सूर एक झाला की थांबायचं. पेटीचा भाता आई हलवते. म्हणाली, "तुझ्या बाजाला वारा नाय लागत ना? मंग माझा दम कशाला काढतोस?"

बुवांचा डावा हात दिवाळीपासून उठत नाही. भजनाची पेटी तेच वाजवायचे; आता भाता मारता येत नाही, म्हणून देवळात खांबाशी गप्प बसतात. शनिवारच्या भजनात बिनभात्याचा बाजा उजव्या हाताने वाजवा, असं मीच बोलून बसलोय. पेटी त्यांच्या वडिलांची. देताना म्हणाले, "सांभाळ रे." एवढंच.

तोच दिवस, दुपार.
पंचम जुळेना. माझा चढा. प्रीसेट शेवटपर्यंत फिरवला तरी चढाच. दुसरा कपॅसिटर नाही. छपराचा पत्रा तापलेला, अंगाला घाम.
आई भात उतरवायला गेली. मी पेटी उघडली, पंचमाचा सूर जिच्यातून निघतो ती पितळी पट्टी काढली, टोकाला कानस मारली; टोक हलकं झालं की सूर चढतो. दोनदाच. पट्टीही चढली. दोन्ही सूर एक झाले.
आईला सांगितलं नाही.

१३, सोमवार, पहाटे.
कामाला निघण्याआधी बाजा लावून पाहिला. पंचम आपोआप खाली आलेला. आईला उठवून भाता धरायला लावला. पेटीचा सा आणि पंचम एकत्र दाबले. सूर थरथरतात, जुळत नाहीत. बाजाचे दाबले. स्वच्छ.
म्हणजे पेटी बरोबर होती. माझा कपॅसिटर उन्हाने चढला होता, आणि मी त्याच्यासाठी…
बुवांना कळणारच. त्यांना कळणार नाही असं होईल का? नाही.

१५, बुधवार. शहापूर.
मी कामाला आहे त्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाचे मालक शंकरदादा बाजातले कपॅसिटर बघून हसले. बाकी सगळे प्लास्टिकचे, पंचमाचा एकटाच जुन्या रेडिओतला चकतीवाला. "ही चकती गरमीत पळते रे. कुठं शिकलास तू?"
नववीत शाळा सोडली, हे त्यांना माहीत आहे. नवा प्लास्टिकचा दिला.
सहज विचारल्यासारखं विचारलं, घासलेलं पितळ परत पहिल्यासारखं होतं का?
"पितळ म्हंजे काय केस हाय का, वाढायला?"
डबा खाल्ला नाही.

१७, शुक्रवार. वैशाखरे.
अर्धी सुट्टी घेऊन आलो. पेटी बुवांकडे नेली. वाटलं होतं ठेवून निघावं. बुवा म्हणाले, "बस. बघू दे तरी." काकूंनी भाता धरला. बुवांनी उजव्या हाताने सा लावला. रे. ग. म. माझं लक्ष त्यांच्या बोटाकडे.
पंचमावर बोट थांबलं. पुन्हा दाबलं. मग तिसऱ्यांदा, सा सोबत धरून. काकू म्हणाल्या, "आवो, पुढं चला की." ते पुढे गेले नाहीत. झाकण लावलं.
मी बोलणार होतो. उठून दाराकडे गेलो.
चपला घालत होतो तेव्हा मागून म्हणाले, "उद्या सकाळी ये. बाजा नको आणू. कानस आण."
कानशीचं मी कोणालाच सांगितलेलं नाही.

घरी येऊन कानस पिशवीत ठेवली. काढली. पुन्हा ठेवली. आई विचारते, भजनाला कोणता शर्ट घालणार. बाजा लावून ठेवलाय. त्याचा पंचम आता जराही हलत नाही.