फुटाण्याचे तळवे

४ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली, ऋतुजा गेली. गाडी हबीबगंजहून वेळेवर सुटली — नेमकी आजच! खिडकीतून मला शेवटचं वाक्य: "आई, फुटाण्याला सांभाळ." मी मान हलवली. माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनीही, हलवली. आम्हाला कोणी सांभाळायचं, हा विषय निघाला नाही.

फुटाणा म्हणजे तिचा गिनीपिग. आणला तेव्हा मुठीत मावायचा. आता सव्वा किलो. दिवाळीभर अण्णांच्या ताटातली अर्धी पोळी त्याची होती.

६ नोव्हेंबर, बुधवार

अण्णांनी केलेला नवा पिंजरा पूर्ण झाला. पाच दिवस गच्चीवर ठोकाठोक चालू होती. तळाला तारेची जाळी, जाळीखाली सरकता ट्रे. लेंड्या आपोआप खाली पडतात. "आता रोज भुसा बदलायला नको. ट्रे ओढायचा, धुवायचा, संपलं."

सासरे चौतीस वर्षं कारखान्यात तपासणी विभागात होते. पिंजऱ्याचे चारही कोपरे त्यांनी लेव्हल लावून पाहिले. फुटाण्यानं आत जाऊन एक लेंडी टाकली. ती खाली पडली. अण्णा हसले.

सासूबाई गेल्यापासून त्यांनी हातात पक्कड धरलेली मी पाहिली नव्हती. तीन वर्षं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

ट्रे खरंच सोयीचा आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

ऋतुजाचा व्हिडिओ कॉल. फुटाण्याला कॅमेऱ्यासमोर धरलं.

"आई, तो पाय का उचलून बसलाय?"

"बसतो तसा."

"आई यार, उलटा कर ना त्याला!"

उलटा केला. केवढ्यानं ओरडला! मागचे दोन्ही तळवे लालभडक. उजव्यावर सूज, मध्ये मसुराएवढी खपली. भोवतीचे केस गेलेले.

"कधीपासून आहे?"

मला माहीत नव्हतं. दोन वेळा कोथिंबीर देते. शाळेतून आले की त्याच्याशी बोलते — अण्णांपेक्षा जास्त बोलते. पण तळवे? मनातच आलं नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

अर्धी रजा टाकून टी. टी. नगरला डॉक्टर वंदनांकडे. बाकावर दोन लॅब्राडोर, एक आजारी पोपट आणि भाजीच्या टोपलीत फुटाणा. पोपटवाल्यानं विचारलं, "चूहा है?"

डॉक्टरांनी तळवे पाहिले आणि पहिलाच प्रश्न, "जाली पे रखते हैं इसको?"

"हाँ."

"ये जाली किसकी मेहरबानी है?"

"बाज़ार से लिया पिंजरा."

का बोलले मी असं? कोणी विचारतही नव्हतं इतकं.

"फेंक दीजिए. वज़न देखिए इसका, और नीचे तार!"

मग वहीत लिहून घेतलं. रोज कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवायचे, पूर्ण कोरडे करायचे, मलम, सैल पट्टी. दुखण्याच्या औषधाचे थेंब. अंथरूण मऊ आणि कोरडं, ओलं झालं की लगेच बदलायचं. पोळी बंद. गवत भरपूर. शिमला मिरची, थोडा आवळा — सी जीवनसत्त्व यांच्या अंगात तयार होत नाही, आणि ते कमी पडलं की जखमा भरत नाहीत. घरातलं उरलेलं अँटिबायोटिक अजिबात द्यायचं नाही. माणसाला चालणाऱ्या काही गोळ्यांनी हे मरतात.

"हड्डी तक गया, तो पैर नहीं बचेगा. शायद ये भी नहीं."

टोपलीत तो कोथिंबिरीचं देठ चावत होता.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

जाळीवर टॉवेल अंथरला. शाळेतून आले तर टॉवेल दोरीवर, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

"जखमेला हवा लागली पाहिजे," अण्णा म्हणाले. "त्यासाठीच तर जाळी आहे."

"हो," म्हटलं. ते फिरायला गेल्यावर परत अंथरला.

२७ नोव्हेंबर, बुधवार

टॉवेल दोरीवर.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

दोरीवर. या वेळी इस्त्री केल्यासारखी घडी.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सूज वाढली. आज शिमला मिरचीसुद्धा हुंगून सोडली.

अण्णांनी विचारलं, "डॉक्टर नेमकं काय म्हणाली?"

"इन्फेक्शन आहे म्हणाल्या."

"कशानं?"

"होतं म्हणे कधी कधी."

"असंच काही होत नाही, वैशाली. दोष दिसला की कारण शोधायचं." आणि पेपर उघडला.

अभिजीतला बिलासपूरला फोन केला. म्हटलं, तुझे वडील आहेत, तू सांग. तर म्हणे, "तूच सांग ना. तुझं ऐकतात ते." सोळा वर्षं बँकेत आहे माझा नवरा. अवघड काम पुढच्या टेबलाकडे सरकवणं चांगलं जमतं.

मी शेहेचाळीस वर्षांची आहे. चाळीस मुलांच्या वर्गाला गप्प करते. आणि एका म्हाताऱ्या माणसाला 'पिंजरा चुकला' एवढे दोन शब्द सांगता येत नाहीत. पक्कड पुन्हा ड्रॉवरमध्ये जाईल, याची भीती वाटते. ती भीती फुटाण्याच्या पायावर उभी आहे, हेही कळतंय. आणि तरीही.

१ डिसेंबर, रविवार

सांगितलं. सकाळच्या चहाला, बिस्किटं पुढे करता करता. "अण्णा, जाळीमुळे झालंय ते. डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाल्या."

उचललेलं बिस्किट त्यांनी परत बशीत ठेवलं.

"पहिल्याच दिवशी?"

"हो."

"म्हणजे सहा दिवस झाले."

"हो."

"सहा दिवस तो त्याच्यावर उभा आहे, आणि तू टॉवेल टॉवेल खेळतेस?"

कप ठेवून उठले. मला वाटलं खोलीत जातील, दार लावतील. गच्चीवर गेले. कटरचा आवाज. दुपारपर्यंत जाळी निघाली होती. खाली प्लायवूड, त्यावर रेक्झिन, त्यावर ऋतुजाचं जुनं मऊ ब्लँकेट कापून दोन थर, वर गवत. ब्लँकेटचा आणखी एक जोड, बदलायला. जेवताना एक शब्द नाही.

जाळी त्यांची चूक होती. सहा दिवस माझे.

३ डिसेंबर, मंगळवार

गॅस दुर्घटनेच्या स्मृतिदिनाची सुट्टी. सकाळी प्रार्थनासभेची गर्दी टाळून आवळे आणले.

अण्णा बोलायला लागले — फुटाण्याशी. "हलू नकोस. तपासणी चालू आहे." ते धरतात, मी पाय बुडवते. भिंग त्यांचं. लाली, सूज, खपली, केस, लंगडणं, वजन — सगळं मोठ्यानं सांगतात, मी लिहायचं. आज उजवा पाय 'नामंजूर', डावा 'दुरुस्तीयोग्य'.

५ डिसेंबर, गुरुवार

आवळा खाल्ला. तोंड वाकडं केलं, पण खाल्ला!

१० डिसेंबर, मंगळवार

डॉक्टरांकडे. अण्णा म्हणाले, मीही येतो. नको म्हणायला कारण सापडलं नाही.

सूज निम्मी झाली आहे. हाड वाचलं. डॉक्टरांनी विचारलं, "पिंजरा बदल दिया?"

अण्णा उभे राहिले. "जी. वो भी मैंने ही बनाया था, ये भी मैंने ही बनाया है."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "वो बाज़ार वाला?"

भिंतीवर कुत्र्यांच्या लसींचा तक्ता आहे. मी तो पूर्ण वाचला.

रिक्षा नेहरू नगरच्या वळणाला लागली. अण्णा म्हणाले, "बाजारात इतकी पक्की जाळी मिळत नाही."

आधी कोण हसलं ते आठवत नाही.

१५ डिसेंबर, रविवार

खपली गळाली. खाली गुलाबी कातडी. ऋतुजानं तिकडून फोनच्या पडद्याची पापी घेतली. अण्णांनी तिला पाच मिनिटं समजावलं — दर रविवारी उलटा करून तळवे बघायचेच. नखं वाढू द्यायची नाहीत. लाली दिसली की त्याच दिवशी डॉक्टर. खपलीची वाट बघत बसायचं नाही.

"हो आजोबा," ती म्हणाली. "पण हे आईला सांगा ना."

२२ डिसेंबर, रविवार

फुटाण्याचे दोन्ही तळवे स्वच्छ. त्याला आत सोडलं. मी हात धुऊन आले, तरी अण्णा उठले नव्हते. उजव्या पायातला मोजा काढून त्यांनी पाय समोरच्या स्टुलावर ठेवला होता, उन्हात.

"हाही बघ. दीडेक महिना झाला असेल. दुखत नाही, म्हणून बोललो नाही."

अंगठ्यामागे काळपट खड्डा. बोराएवढा. कडा पांढऱ्या. सतरा वर्षांचा मधुमेह, पाय बधिर झालेला, दुखणार कुठून!

बावीस वर्षं प्रत्येक सणाला या पायांना हात लावते आहे. तळवा आज पहिल्यांदा पाहिला.