बिनगाठीच्या फळ्या

मलकापूर,
मंगळवार

प्रिय अंकिता,

सासऱ्यानं सुनेला पत्र लिहायची आपल्याकडं रीत नाही. पण फोनवर मी मनातलं बोलायला लागलो की तू लगेच “मामा, गोळी घेतली का?” म्हणून विषय बदलतेस. म्हणून डाव्या हातानं लिहितोय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालेत, सांभाळून घे. जयराजच्या स्थळाला तू नकार कळवलास आणि फलटणला आईकडं जाऊन बसलीस. कारण काय, तर म्हणे मामांचा उजवा हात गेलाय, सुतारकामाची शेड कोण बघणार? अगं, माझ्या हाताच्या नावावर तू आख्खा जन्म काढणार व्हय?

आमच्या घरात ऊस, गूळ आणि पलटणीतली नोकरी, एवढेच विषय. मी मात्र शाळा सुटली की गुंडा सुताराच्या दारात. त्यानं शिसवाच्या मळकट फळीवर रंधा मारला आणि आतनं जांभळट काळी रेष वर आली, तेव्हा अंगावर काटाच आला माझ्या. वडील म्हणायचे, देशमुखाचं पोर भुसा गोळा करतंय. म्हणू देत! तेव्हापासून खुर्च्या केल्या, देव्हारे केले, दारं केली, पण अजून नवा ओंडका चिरायला घेतला की वाटतं, बघू तरी आत काय निघतंय. भाऊ उसाच्या पैशावर बंगले बांधत होते आणि मी पाऊस लागू नये म्हणून लाकडांवर ताडपत्री ओढत होतो. सुखात होतो.

आपला रविराज माझा लेक, पण त्याला लाकडाचं कौतुक नव्हतं, त्याला गाड्यांचं वेड. तो अपघातात गेला, वर्षाच्या आत मला झटका आला आणि हात लुळा पडला. मी शेडला कुलूप घातलं. ते तू काढलंस. “मामा, तुमी नुसतं सांगा, हात माजा,” म्हणालीस. पहिल्याच दिवशी उलट्या रेषेनं रंधा मारून सागवानाचं पार वाटोळं केलंस. मी लय ओरडलो. तू फळी फिरवलीस, पदर खोचलास आणि परत सुरू. तुझा पहिला सांधा खटकन बसला, तेव्हा मी खिडकीतनं उगाच रस्ता बघत होतो ना? रडत होतो गं. पोटचा मुलगा गेल्यावर माझ्या जगण्यात काही उरलं असेल, तर ते तुझ्यामुळं. हे तुला कधी बोललो नाही, आज लिहितो.

आता जयराजचं. सांगलीच्या त्या वखारीतनं आपल्याला कायम लाकूड येतं. वखारवाला सख्ख्या भावालाही चार गाठीच्या फळ्या खपवतो, धंदाच तो. पण जयराज कारभार बघायला लागल्यापासून आपल्या टेम्पोत गाठीची एक फळी येत नाही. भाव मात्र तोच! आणि तो स्वतः टेम्पोबरोबर आला की तुझी करवत रेघ सोडून चालते. एरवी केसभर चुकत नाहीस, त्या दिवशी देव्हाऱ्याची कमान दोनदा कापलीस आणि वर म्हणालीस, लाकूडच ओलं होतं. ओलं कसलं! हात लुळा पडलाय माझा, डोळे नाहीत. तुझ्या सासूला हे मोठ्या तोऱ्यात सांगायला गेलो, तर म्हणाली, “आवं, तुमाला आज कळलं व्हय? मला दिवाळीलाच कळलंय.”

काल एस्टीनं सांगलीला जाऊन आलो. रागावू नकोस, गोळी बरोबर नेली होती. जयराजला सरळ विचारलं, पोरगी लाकूड सोडणार नाही, चालंल का? तो म्हणाला, “मामा, लाकूड सोडनारी असती, तर मी इचारलंच नसतं.” वखारीच्या मागं जागाही दाखवली, उजेड छान आहे. सगळी हत्यारं घेऊन जा. रुखवतात लाडू-चिवड्याशेजारी रंधे-पटाश्या मांडू, बायका तोंडात बोट घालतील. इथली शेड मोकळी होईल, पहिले दिवस मला जड जातील, खोटं कशाला बोलू? पण मग येईन की सांगलीला, स्टुलावर बसून तुझ्या चुका काढायला.

पत्राचं खरं कारण आता लिहितो. जयराजच्या घरच्यांना मी होकार दिलेला नाही, तो तुझा तू द्यायचा. भाऊबंद म्हणतील, सून दुसऱ्याच्या घरी धाडतोय म्हातारा. म्हणू देत. पण तू हो म्हणालीस, तर माझं एक मागणं आहे. तुझे वडील तू पाळण्यात असतानाच गेले. तुझी आई म्हणते, कन्यादानाला तुझे चुलते बसतील. त्यांना बसू देऊ नकोस, पोरी. मला मुलगी नाही. पोरगी सासरी निघाली की दारात उभं राहून चारचौघांत ढसाढसा रडायचा मान बापाचा असतो, आणि तो मला उभ्या जन्मात मिळाला नाही. तो तू मला दे.

तुझाच,
मामा
(हो म्हणालीस तर, बाप)