कुठून वळायचं

न्खाता बे,
ता. ४ ऑगस्ट १९९६

चि. तेमवा हिस, अ. उ. आ.

तू चर्चच्या मंडळींबरोबर सरोवरापलीकडे गेलीस, त्याला आज तेरा दिवस झाले. दक्षिणेचा वारा सुटलाय. पलीकडचा किनारा दिसत नाही, नुसतं पाणी उठतंय, आणि माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझ्या एस्नाथ आत्याचं म्हणणं, तुला चढवून आगबोट दिसेनाशी झाली तरी म्हातारा धक्क्यावर उभाच होता, जाळी वाळवणाऱ्यांनी त्याला खांब समजून दोर बांधला नाही हे नशीब. ती काहीही बोलते. दोर बांधला नव्हता, टेकवला होता.

तुमचे पाद्री न्यिरेंदा मोझांबिकच्या त्या मुलांना काय काय शिकवताहेत ते कळव. लढाईत पांगलेली घरं आत्ता कुठे परतताहेत, तेव्हा बायबलच्या गोष्टींआधी पोटाला लापशी द्या. आणि जमलं तर एक कविता पाठ करून घे. पाढे विसरतात गं, कविता राहते. मी सात वर्षांचा असताना शिकलेली अजून जिभेवर आहे:
‘उंच उडणाऱ्या पाखरा,
दिसतो का रे पैलतीर?’

पाणी उकळून पी. पत्राची वाट पाहतो.

तुझा
येसाया आजोबा

म्बुंगो,
ता. १४ ऑगस्ट १९९६

ती. आजोबांस, सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे. दोन दिवस ताप होता, आता उतरलाय. लिहिणार नव्हते, पण तुम्हाला कुणाकडून तरी कळलं असतं आणि तुम्ही पोहत आला असतात.

रोज तीस मुलं येतात. गाणी, अक्षरं, मग लापशी. त्यात झैदा नावाची सहा-सात वर्षांची मुलगी आहे. आईबाप लढाईत गेले, मावशीकडे राहते. मावशी म्हणाली, की दोन वर्षं पोर तोंडातून शब्द काढत नाही. तुमची कविता मी शिकवली, तर तिसऱ्या दिवशी माझ्या कानाशी येऊन पाखराची ओळ म्हणाली. आता दिवसभर माझ्या लुगड्याचं टोक धरून फिरते.

मी परत कधी येणार, असं तिने विचारलं. आंबे पिकले की येईन, असं मी सांगून टाकलं. तेव्हापासून मन खातंय. आंब्याच्या दिवसांत माझी परीक्षा असते.

२८ तारखेला, बुधवारी निघायचं. मुलं रडून गोंधळ घालतात, म्हणून ती मागच्या अंगणात लापशीला बसली की आपण गुपचूप किनारा गाठायचा, असं पाद्रीबाबांनी ठरवलंय. मला आगबोटीने परस्पर दक्षिणेला उतरून लिलोंग्वेला नर्सिंगच्या शाळेत हजर व्हायचंय. आपली भेट आता नाताळात.

आत्याला सांगा, तिची उसिपाची सुकी मासळी तापात कामी आली.

तुमची
तेमवा

न्खाता बे,
ता. १८ ऑगस्ट १९९६

चि. तेमवा हिस, अ. उ. आ.

उद्याच्या बोटीवरच्या आचाऱ्याच्या हाती हे पत्र देतोय. तो पूर्वी माझ्या वर्गात होता, भागाकारात कच्चा पण शब्दाचा पक्का. तरी २८च्या आत पत्र तुझ्या हातात पडेल ना, या धास्तीने दोनदा उठून पाणी प्यालो.

जे कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. ती कविता मला मिशनच्या मिस म्युअरबाईंनी शिकवली. त्या म्हणाल्या होत्या, की पूर्ण पाठ कर, मी ऐकायला येईन. आम्ही पोरं ओढ्यावर असताना त्या निघून गेल्या. बहुधा आमचं रडं टाळायलाच. बाई वाईट नव्हत्या. मी चार दिवसांत कविता पाठ केली आणि दर बोटीला धक्क्यावर जाऊ लागलो. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, पण शेवटचं कडवं कुणापुढे म्हटलं नाही. ते त्यांच्यासाठी राखून ठेवलं होतं. आज हसू येतं. पूर्ण येत नाही.

आपल्यात पाहुण्याला पोचवायला का जातात, याचा विचार केलायस? त्याचं बोचकं आपण उचलायचं, थोडं चालायचं, आणि मन भरलं की बोचकं त्याच्या हाती देऊन वळायचं. वळतो तो पोचवणारा. जो न सांगता गेला, त्याला कुणी पोचवलं नाही. आणि ज्याला पोचवलं नाही, तो गेला असं मन कबूल करत नाही, बाळ.

झैदाला खरं सांग. मग बोचकं तिच्या हाती दे. कुठून वळायचं ते तिला ठरवू दे.

तुझा
आजोबा

लिलोंग्वे,
ता. २ सप्टेंबर १९९६

ती. आजोबांस, सा. न. वि. वि.

आचारी पत्र घेऊन २० तारखेलाच आला. त्याच संध्याकाळी झैदाला सांगितलं, की आंब्यांच्या वेळी मी येणार नाही, पुढे कधी येईन तेही ठाऊक नाही. तिने माझं लुगडं सोडलं. सात दिवस ती आलीच नाही. आजोबा, त्या सात दिवसांत मी तुमच्यावर इतकी चिडले होते! वाटलं, जेमतेम बोलायला लागलेली पोर मी पुन्हा मुकी केली.

पाद्रीबाबांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. म्हणाले, तुझे आजोबा टपालाने मिशन चालवतात की काय. वर हेही म्हणाले, की तीसच्या तीस रडली तर नाकं तू पुसायची.

निघायच्या दिवशी सगळी मुलं पोचवायला आली. काही विहिरीपाशी वळली, काही कोळ्यांच्या होड्यांपाशी. एक पठ्ठ्या तर दारातूनच. झैदा सर्वांत शेवटी, कुठून आली कळलंच नाही. तिने माझं बोचकं डोक्यावर घेतलं आणि पुढे चालू लागली. एक शब्द नाही. वाळूवर पालथ्या घातलेल्या शेवटच्या होडीशी थांबली, बोचकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “आता तू जा. माझी लापशी निवतेय.”

आणि गेली. एकदाही मागे पाहिलं नाही. मीच उभी राहिले, तुमच्यासारखी.

तुमची
तेमवा

न्खाता बे,
ता. ९ सप्टेंबर १९९६

चि. तेमवा हिस, अ. उ. आ.

तुझं पत्र आत्याने दोनदा वाचायला लावलं. लापशीपाशी ती हसली आणि मग चुलीच्या धुराला दोष देत डोळे पुसत बसली.

आज सोमवार, बोटीचा दिवस. धक्क्यावर गेलो. माणसं चढत होती, कोंबड्या ओरडत होत्या, माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पाण्याकडे तोंड करून कविता पहिल्यापासून म्हटली, शेवटच्या कडव्यासकट. एक शब्दही अडला नाही. मग बोट सुटायच्या आत मी वळलो आणि घरी आलो. आत्या म्हणाली, आज इतक्या लवकर कसा? मक्याच्या पिठाचा नसिमा अजून शिजायचाय.

पाणी उकळून पीत जा. नाताळात आलीस की शेवटचं कडवं तुलाही म्हणून दाखवीन. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझा
येसाया आजोबा