एका पंगतीत दोन भाकरी

आई, तू त्या परातीत हात घातला नसतास तर मावशी कदाचित आज असती. हे तू जिवंत असताना मला बोलता आलं नाही. आता बोलतेय, तर ऐकायला तू नाहीस. तुला मी ताडकळसला स्वयंपाकाला आणलं ते तुझ्या भाकरी एकसारख्या व्हायच्या म्हणून. शाळेच्या रिकाम्या खोलीत चूल मांडली होती. शुगरच्या बायका दुपारी जेवायला यायच्या, आणि जांभळाच्या बियांत जे तुरट असतं, ज्याला आम्ही पॉलिफिनॉल म्हणतो, त्यानं माणसाची शुगर उतरते का, एवढंच बघायचं होतं. निम्म्या बायकांच्या भाकरीत बियांची पूड, निम्म्यांच्या भाकरीत तशीच दिसणारी साधी पूड. एक डबा तांबड्या झाकणाचा, एक हिरव्या. कशात काय आहे ते परभणीच्या विद्यापीठातल्या आमच्या सरांनाच ठाऊक होतं. मलाही नाही, आणि तुला तर नाहीच नाही, असं मी समजून चालले होते.

तू पहिल्याच दिवशी दोन्हींतली चिमूट जिभेवर ठेवलीस. आणि ताडकळसलाच दिलेली मावशी, तुझी धाकटी बहीण, नेमकी हिरव्या झाकणाच्या वाट्याला आलेली. एका दुपारी मी आत येते तर तू दोन्ही डबे एकाच परातीत उपडे करतेयस.

"आई, हे काय करायलीस?"

"काय करायले? सगळ्यांना सारखं वाढायले. तांबड्यातलं तुरट हाय, त्येच औषध. एका पंगतीला बसवायचं अन् एकीला औषध, एकीला भुस्सा? देवाच्या दारी बी असं कुणी वाढत न्हाई. माझा हात न्हाई उठत बाई."

"अगं, ते औषध आहे हे तुला सांगितलं कुणी? तेच तर बघायला बसलोय ना आम्ही!"

"मग बघ की. समद्यांला घालून बघ."

मी तुला काय काय बोलले! माझ्या मेहनतीची माती केलीस म्हणाले, सगळ्या बायकांसमोर म्हणाले. तू खाली मान घालून पीठ मळत राहिलीस. सरांनी सगळे रक्ताचे नमुने बाद केले, चूल विझली, आपण गावाकडे आलो. मला वाटलं, झालं तेवढंच नुकसान.

कुठलं काय! तू आधीपासूनच मिसळत होतीस आणि मावशीच्या कानात सांगूनही बसली होतीस, तुझ्या भाकरीत औषध घातलंय म्हणून. आणि ती शहाणी! "अक्का, दोन-दोन औषधं कशाला? पोरीचं चालू हाय की," म्हणत तिनं शुगरच्या गोळ्या कधीच्या बंद केल्या होत्या. पायात बाभळीचा काटा मोडला तो तिला कळलाही नाही. बोट काळं पडलं, मग पाऊल. नांदेडला गुडघ्याखालून पाय काढला, तरी ती काही घरी आली नाही. तिच्या दहाव्याला तू चुलीपुढे बसून एवढंच म्हणालीस, "मीच सांगितलं व्हतं तिला." त्यानंतर गावातल्या एकाही पंगतीत तू वाढायला उभी राहिली नाहीस. बायका बोलवायला यायच्या, तू कंबर दुखते म्हणायचीस. मला तुझा राग यायचा आणि तुझी कीवही.

आता तेच काम पुन्हा चालू आहे, तिथंच ताडकळसला. या खेपेला डब्यांना कुलूप आहे, स्वयंपाकाला परकी बाई आहे, आणि पहिल्या घासाआधी मी रोज ओरडते, "गोळी सोडायची नाही! भाकरीवर भरवसा ठेवायचा नाही!" बाई लय कडक हाय म्हणतात माझ्यामागं. म्हणू देत. आज हात धुताना एकीनं माझा पदर धरला. तिच्याही पायाला फडकं गुंडाळलेलं. मावशीसारखीच खांदे पाडून उभी.

"बाई, खरं सांगा, माझ्या भाकरीत औषध हाय ना?"

"मला माहीत नाही. आणि ते औषध आहे की नाही, हेही अजून कुणाला माहीत नाही. सकाळची गोळी घेतली का?"

तिनं कमरेची पिशवी सोडून गोळ्यांचं रिकामं पाकीट दाखवलं. मी तिला गाडीत बसवून पट्टी करायला आणि नव्या गोळ्या घ्यायला दवाखान्यात पाठवलं. गाडी निघेपर्यंत ती खिडकीतून माझ्याकडेच बघत होती.

तुला वाचता यायचं नाही. घरी पत्र आलं की मीच मोठ्यानं वाचून दाखवायचे, आणि वाईट काही असेल तर तेवढं गाळायचे. तू ओळखायचीस. हे कुणाला वाचून दाखवू? तरी एक गाळत नाही. तिला मी खोटं सांगितलं. आज सकाळी कुलूप काढल्यावर मी दोन्ही डब्यांतली चिमूट जिभेवर ठेवली होती, आई. तिची भाकरी तुरट नाही.