न वाजणारी डबी

बुधवार, भोसरी. फर्स्ट शिफ्ट करून आल्यावर.

माझ्या एचआयव्हीच्या गोळ्या वाजू नयेत म्हणून मी डबीत कापूस कोंबतो. आज तो कुणीतरी काढून परत बसवलाय. माझ्यापेक्षा नीट.

खोलीत मी आणि गणेश, दोघंच. विचारलं तर म्हणाला, "पडली होती भावा, उचलून ठेवली." मग नजर का चुकवली? कंपनीत बोलला तर?

डॉक्टर म्हणतात, या विषाणूशी वर्षानुवर्षं लढून टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी, थकतात. गोळ्यांनी तो दबतो, पण काही पेशींत लपून बसतोच. मीही थकलोय, सगळ्यांवर पाळत ठेवून.

गणेश अंघोळीला गेला तशी त्याची व्हिटॅमिनची डबी हलवली. जड होती, पण वाजली नाही. झाकण काढलं. आत कापूस, तसाच नीट बसवलेला. त्याखाली माझ्यासारख्याच गोळ्या.